कायमचा पत्ता

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते नाव मी एकदा नको त्या माणसाला, नको त्या अवस्थेत सांगून बसलो आणि त्याचं पुढे जे झालं ते पाहता पुन्हा त्या नावाच्या वाटेला जायची माझी छाती नाही. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणायचे, आणि त्यांची पाठ वळली की निरंककाका.

निरंक हा शब्द सरकारी कागदांत असतो. एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसलं की 'निरंक' लिहायचं. काकांनी तो शब्द कागदातून उचलला आणि आयुष्यभर वापरला. चहावाला विचारायचा, "काका, साखर?" काका म्हणायचे, "निरंक." डब्यात भाजी काय आहे, तर निरंक, म्हणजे त्या दिवशी फक्त भाकरी आणि सुकट. दसऱ्याला कोणी बोनसबद्दल विचारलं तरी तेच उत्तर, फक्त जरा लांबवून.

आमची कंपनी नव्या विमानतळाला माणसं पुरवायची. ड्रायव्हर, सामान चढवणारे, सफाईवाले. पनवेलच्या लाइन आळीत एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं, त्यामुळे आमच्या सगळ्या फायलींना तुपाचा वास यायचा. विमानतळाच्या आत पाऊल टाकायचं तर पास लागतो. पास हवा तर भलामोठा फॉर्म, आणि फॉर्म गेला की पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. हे सगळं बघणारा पास सेक्शन म्हणजे काका आणि मी. काका हाताने लिहायचे, मी ते कॉम्प्युटरवर चढवायचो.

फॉर्म हा काकांच्या दृष्टीने कागद नव्हता. "फॉर्म म्हंजे जबाब," असं ते म्हणायचे. रकाना रिकामा सोडलेला त्यांना बघवायचा नाही. एकदा आम्ही पळस्पे फाट्यावरच्या एका हॉटेलात जेवलो. बिलाबरोबर अभिप्रायाची चिठ्ठी आली, जी जगात कोणी भरत नाही. काकांनी ती भरली. जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला 'पुढे चालू' लिहून चटणीबद्दल सहा ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. सही करण्याआधी ते हवेत दोनदा हात फिरवायचे, म्हणजे तिसरी सही नेमकी पहिल्यासारखी येते. फोटोत दोन्ही कान दिसले नाहीत तर माणसाला परत स्टुडिओत पाठवायचे. एकाचे कान मुळातच डोक्याला चिकटलेले होते. त्याला काकांनी दोनदा पाठवला, तिसऱ्या वेळी त्याने बायकोला भांडायला आणलं.

त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, ज्याच्यापाशी येऊन निम्मी माणसं अडखळायची. आपणास कधी अटक, दंड अथवा शिक्षा झाली आहे काय? आमच्याकडे येणाऱ्यांत चोर-दरोडेखोर कोणी नसायचे. असायची ती दारूची केस. कोणी पिऊन गाडी चालवताना सापडलेला, कोणी हळदीच्या मांडवाबाहेर धिंगाणा घातलेला. ही माणसं हळूच म्हणायची, "काका, नाही लिहून टाका ना. साधा दंड तर झालाय."

शिरढोणचा एक ड्रायव्हर असाच आला होता. कळंबोलीला ट्रेलर चालवायचा, आता विमानतळावर बस चालवायची होती. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवर पिऊन पकडला गेला होता. त्याला वाटत होतं, खरं लिहिलं तर पास गेला. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला तीन प्रश्न विचारले. "कवा? कितींदा? आता पितंस का?"

तो म्हणाला, एकदाच, आणि आता सोडली.

"मग घाबरतंस कशाला? एकदा घसरला तो मानूस पोलिसाला समजतो. त्यांच्यातलं पन घसरतात. पन तू 'नाय' लिवलंस न त्यांना दंडाची पावती गावली, तर तू दारूवाला राहत नाय, खोटारडा व्हतंस. दारू उतरते, बाला. लिवलेलं उतरत नाय."

त्याने 'होय' लिहिलं, पावती जोडली, कुठे, कधी, किती ते सांगितलं. पास आला. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाने काका जेवायला गेलेले बघून माझ्याकडून 'नाही' लिहून घेतलं. त्याचा अर्ज फेटाळला गेला, आणि कारण दारू नव्हती, माहिती लपवल्याचं होतं. काका आठवडाभर माझ्या चहाच्या कपाकडे 'तू पण?' अशा नजरेने बघत राहिले.

स्वतः काका दारूच्या थेंबाला शिवत नसत. आगरी माणूस, दारू वाहणाऱ्या हळदीला जाऊन हातात सोडा घेऊन बसतो, म्हणजे यामागे काहीतरी मोठी कहाणी असणार, असं सगळ्यांना वाटायचं. कोणी म्हणे नवस, कोणी म्हणे बायकोची शपथ. मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "मना ती कडू लागते."

काकांचं गाव आता धावपट्टीखाली आहे. टेकडी कापली, खाडी बुजवली, नदीचं तोंड वळवलं, तेव्हा गावही उठलं आणि लोकांना करंजाड्याच्या बाजूला भूखंड मिळाले. काकांचं तिथे दुमजली घर होतं, खाली दोन गाळे भाड्याने. पैशाची तक्रार त्यांनी कधी केली नाही. पण विमानतळाची भिंत उभी राहिल्यापासून त्यांच्या मनात एकच होतं. आपला पास काढायचा, आत जायचं आणि आपलं घर होतं त्या जागेवर एकदा उभं राहायचं. ज्या जमिनीवर ते रांगले तिथे जायला आता त्यांना पोलिसांचा दाखला लागणार होता, आणि याचा त्यांना राग नव्हता, हे मला कळायचं नाही. ते म्हणायचे, "भरू की फॉर्म. आपलं काय? निरंक."

ते निरंक म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. तीस वर्षांच्या नोकऱ्यांत एक मेमो नाही, सिग्नल तोडल्याची पावती नाही. जगातला सगळ्यात स्वच्छ फॉर्म आपला, असा त्यांना अभिमान होता आणि तो खराही होता.

कंपनीचं ऑफिस विमानतळात हलणार होतं, त्यामुळे आम्हा दोघांचेही पास निघायचे होते. आत गेलो की मी सुपरवायझर होणार हे ठरलेलं होतं. आषाढातल्या एका शनिवारी मी काकांचा फॉर्म टाइप केला. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी करंजाड्याचा पत्ता दिलाच नाही. उठून गेलेल्या गावाचं नाव, जुना घर क्रमांक, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं ओळीत.

मी म्हटलं, "काका, तिथे आता घर नाही."

"कायमचा इचारलाय ना? मग कायमचा लिव."

नाव-पत्ता त्या फॉर्ममध्ये तीन जागी लागायचा. तो पत्ता आणि ते नाव मी त्या दिवशी तीनदा टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, गटारी. श्रावण लागायच्या आधीची शेवटची मुभा म्हणून आम्ही सात-आठ मित्र नदीकाठी गेलो. कोंबडी होती, बाटल्या होत्या, उघड्यावर बसायला बंदी आहे असा फलक होता आणि त्याच फलकाला आम्ही ताडपत्री बांधली होती. दुपारी तीनच्या सुमाराला पोलिसांची गाडी आली. बाकीचे पळाले. मी पळायला उठलो आणि चिखलात बसलो.

हवालदाराने वही काढली. "नाव?"

माझ्या डोक्यात माझा पास होता, माझी सुपरवायझरी होती, आणि तो रकाना होता. तोंडातून आलं ते काकांचं नाव, वडिलांच्या नावासकट. हवालदाराने पत्ता विचारला, मी गावाचं नाव, घर क्रमांक, पोस्ट, तालुका, जिल्हा धडाधड सांगितलं, न अडखळता. ओळखपत्र नाही, मोबाईल नदीत पडला म्हणालो. वय विचारलं तर म्हणालो, "सज्ञान लिहा ना साहेब." सरकारी कागदावर सज्ञान चालतं हे मी काकांकडूनच शिकलो होतो. हवालदाराला तो शब्द आवडलेला दिसला. त्याने लिहिलं आणि म्हणाला, "समन्स येईल, कोर्टात या."

पुढे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो की ते नाव सवयीने आलं, जिभेवर बसलं होतं म्हणून. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं, की मी भित्रा होतो आणि जे गाव जमिनीवरच नाही तिथे समन्स जाणार कुठे, हा हिशेबही त्या नशेत मी केला होता.

पण गाव उठलं तरी गावची माणसं कुठे गेली हे पनवेलच्या पोलिसाला ठाऊक असतं. तीनेक आठवड्यांनी काका सकाळी म्हणाले, "आज दुपारी मी कोर्टात जाऊन येतो." कशासाठी ते बोलले नाहीत. मी कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत एकही फॉर्म माझ्याकडून झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली. "माजा फॉर्म उघड. अजून धाडला नाय ना? तो दंडाचा रकाना हाय बघ, तिथला निरंक काढ. होय लिव."

मी स्क्रीनकडे बघत होतो. ते सांगत गेले. तारीख, गटारीचा रविवार. ठिकाण, नदीकाठ. गुन्हा, सार्वजनिक ठिकाणी मद्यप्राशन. निकाल, गुन्हा कबूल, दंड भरला. पावती त्यांनी टाचणीने जोडून आणली होती. मी एकेक अक्षर टाइप केलं. त्यांचा आवाज रोजचाच होता, जणू शिरढोणच्या ड्रायव्हरचाच फॉर्म चाललाय.

"काका," मी म्हणालो, "तो मी होतो."

"रकान्यात तेवढं इचारलंय का?"

"नाही, पण..."

"मग जेवढं इचारलंय तेवढंच लिवायचं. मना दंड झाला का? झाला. होय."

मी म्हटलं, मी पोलिसांकडे जातो, खरं सांगतो. त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी ओळखलं होतंच. तो पत्ता तसा, त्याच क्रमाने, जगात फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. "दारूला पोलीस माफ करतात," ते म्हणाले. "खोट्या नावाला करत नाय. तुजा पास जाईल. माजं काय, एकदाच झालेलं हाय, लपवलेलं नाय. माजा पास येतो." मग जरा थांबून म्हणाले, "येल."

मी गप्प बसलो. मला हे लिहायला आजही जड जातं, पण मी गप्प बसलो आणि माझ्या फॉर्ममध्ये त्याच रकान्यात माझ्याच हाताने निरंक लिहिलं. काकांनी ते वाचलं आणि सही करायला पेन पुढे केलं.

पडताळणीसाठी त्यांना पोलीस ठाण्यात बोलावणं आलं तेव्हा ते म्हणाले, "चल, फाइल धरायला." फाइल एका बोटाने धरता येईल एवढी होती. टेबलापलीकडे एक मॅडम होत्या, पस्तिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी फॉर्म वाचला आणि काकांकडे पाहिलं. काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, कपाळाला गंध होतं.

"काका, एकच केस आहे. दंड भरलाय, स्वतः होऊन लिहिलंय. अशा केसला मी अडवत नाही. फक्त सांगा, अजून पिता?"

"नाय."

"कधीपासून सोडली?"

"त्या दिवसापासून थेंब घेतला नाय."

शब्दाशब्दाने खरं. मॅडमनी लिहून घेतलं. मी मागच्या बाकावर श्वास सोडला. तेवढ्यात त्यांनी, नुसतं विचारायचं म्हणून, विचारलं, "आणि त्याआधी किती वर्षं पीत होता?"

काकांनी दहा वर्षं म्हटलं असतं तर सुटले असते. पंधरा म्हटलं असतं तरी चाललं असतं. जगातल्या कोणीही काहीतरी एक आकडा फेकला असता. काकांनी खाली बघून सांगितलं, "निरंक."

"म्हणजे?"

"म्हंजे कायच नाय."

"आधी नाही, नंतर नाही. या वयात फक्त एक दिवस, तोही नदीकाठी बसून, पोरांसारखा?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, इतका वेळ तुम्ही खरं बोलत होतात. आता काहीतरी लपवताय. पिणाऱ्याला मी पास देते. लपवणाऱ्याला नाही देऊ शकत."

काका हात जोडून बसून राहिले. ते आपलं घर सोडून देत होते, माझ्यासाठी, आणि वळून माझ्याकडे बघतही नव्हते. बघितलं असतं तर मला ती खूण वाटली असती, म्हणून.

मी उठलो. टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "मॅडम, नदीकाठी मी होतो. नाव मी त्यांचं सांगितलं."

मॅडमनी आम्हा दोघांचे जबाब घेतले, त्यात दीड तास गेला. मला झापलं ते मी मुकाट ऐकलं. मग काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही? कोर्टाला फसवलंत तुम्ही."

"साहेबांनी इचारलं, गुन्हा कबूल का. मी बोललो कबूल. तू केलास का, असं कोनी इचारलंच नाय."

त्यांना हसू आलं असावं, कारण त्या उठून पाणी प्यायला गेल्या.

बाहेर आल्यावर काका माझ्यावर जाम भडकले होते. रिक्षा स्टँडपर्यंत माझ्या पुढे भराभर चालत गेले. तिथे थांबून म्हणाले, "गप बसला असता तर मरत व्हतास?" मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी समन्स आल्यावर हा मी नव्हेच, असं का नाही सांगितलंत? एवढंच सांगायचं होतं."

त्यांनी रिक्षाला हात केला, मग तो खाली घेतला.

"पोलीस दारात आला न पत्ता वाचला. गावाचं नाव, घर नंबर. मानूस बोलला, हे तुमीच का? पाच वर्सांत त्या पत्त्यावर आलेलं ते पयलं पत्र व्हतं रे. लाइटबिल नाय, लग्नाची पत्रिका नाय. परत धाडायचं तर वर लिवावं लागलं असतं, या पत्त्यावर कोन राहत नाय. ते माज्या हातून लिववलं नसतं."

आम्ही एकाच रिक्षाने ऑफिसात आलो.

माझ्यावर खोट्या नावाची केस झाली, दंड झाला आणि पास नामंजूर झाला. कारणाच्या जागी दारूचा उल्लेख सुद्धा नव्हता. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करा, म्हणाले. सुपरवायझर दुसरा झाला. कंपनीने मला काढलं नाही, कारण लाइन आळीतल्या ऑफिसात कागद बघायला कोणीतरी हवंच होतं. काकांच्या नावावरचा दंड निघेपर्यंत त्यांचा पास चार महिने लटकला आणि एका सकाळी आला. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. फोटोत दोन्ही कान स्पष्ट होते.

ते आत कामाला लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला, जागा सापडली का? ते म्हणाले, "बघतंय." आतल्या लोकांनी सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत ते परवानगी असेल तिथपर्यंत जातात, कधी पावलं मोजतात, कधी नुसतं दूर गवताकडे बघत उभे राहतात. टेकडी नाही, विहीर नाही, वळण नाही, खूण कशाची धरणार? मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

सहा-सात महिन्यांनी, निवृत्तीला अजून वर्ष बाकी असताना, त्यांनी नोकरी सोडली आणि पास परत केला. पास परत करायचाही एक फॉर्म असतो आणि तो माझ्याच टेबलावरून वर जातो. कारण या रकान्यात लोक 'राजीनामा' लिहितात किंवा 'प्रकृती'. काकांनी निळ्या शाईने, सावकाश लिहिलं होतं, 'घर बघून झालं.' खाली नेहमीची सही.

दोन दिवसांनी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. हे काय कारण आहे, बदलून राजीनामा करा आणि परत पाठवा. मी फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो होतो.

"बदलता येणार नाही," मी म्हणालो. "माहिती खरी आहे."